अकराव्या मिनिटाला हरायचंय

तो पहिल्यांदा क्लिनिकमध्ये आला तेव्हा उजवा हात डाव्या हाताने कोपरापाशी धरून, अगदी जपून आला. वय सव्वीस. बडोद्यातल्या गोरव्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो, असं त्याने फॉर्मवर लिहिलं होतं. मी शहराच्या हरणी भागात चौदा वर्षं फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. आता माणूस दारातून आत येतानाच खांदा आहे की मान, मला साधारण कळतं. हा खांदाच होता, आणि चांगलाच दुखावलेला होता.

आमचं बोलणं गुजरातीत चालायचं. इथे मराठीत लिहिते आहे, एवढंच.

"काय झालं?"

"पडलो, बेन."

"गाडीवरून?"

"ना. दोरावरून."

मला वाटलं, कारखान्यात रंगकाम चालू असेल, दोराला लोंबकळून काही करत असेल. मग त्याने सांगितलं की दोर म्हणजे रिंगचा दोर. तो कुस्ती खेळतो. तालमीतली नाही, टीव्हीवर दाखवतात ती, चकचकीत चड्ड्या आणि बूट घालून. आठ-दहा पोरांचा गट आहे, एका जिमच्या मालकाने जमवलेला. लग्नांच्या तारखा नसतात तेव्हा एखाद्या पार्टी प्लॉटमध्ये, म्हणजे लग्नाच्या लॉनवर, रिंग लावतात. बडोद्यात असं काही चालतं, हे मला माहीतच नव्हतं.

मी त्याचा खांदा तपासला. खांद्याच्या टोकावरचा सांधा ताणला गेला होता. तीन आठवडे हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, असं सांगितलं.

"पण तिसऱ्या रविवारी मॅच आहे," तो म्हणाला.

"खेळू नकोस. असल्या खांद्याने खेळलास तर हरशील."

"हरायचंच आहे, बेन. अकराव्या मिनिटाला."

मी अल्ट्रासाऊंड मशीनचं डोकं त्याच्या खांद्यावर फिरवत होते ते तसंच धरून थांबले. माझ्या मनात पहिला विचार आला तो क्रिकेटमधल्या फिक्सिंगचा. मी दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुणी दबाव आणतंय का तुझ्यावर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत इतकी दया होती की मला ती अजून आठवते.

"बेन, सगळ्याच मॅच ठरलेल्या असतात."

"तुमच्या इथल्या?"

"सगळीकडच्या."

"टीव्हीवरच्या सुद्धा?"

"टीव्हीवरच्या तर आधी."

मशीन वेळ संपल्याचं सांगत टुकटुक करायला लागलं, आणि ते बंद करायचं मला सुचलं नाही. शेवटी त्यानेच डावा हात लांब करून बटण दाबलं.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. ही गोष्ट मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळली, हे सांगायला लाज वाटते, पण कळली ती अशी.

लहानपणी केबल आली तेव्हा मी आणि दादा शाळेतून आलो की दप्तरं टाकून टीव्हीवरची ही कुस्ती बघत बसायचो. त्यातल्या पैलवानांचे खेळायचे पत्ते मिळायचे. उंची, वजन, छाती, किती मॅच जिंकल्या, हे सगळं त्यावर छापलेलं असायचं आणि आम्हाला ते पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. एक जोडी होती, दोघं दोस्त. वर्षभर एकमेकांच्या पाठीशी उभे राहिलेले. एका संध्याकाळी त्यातल्या एकाने दुसऱ्याला मागून लोखंडी खुर्ची मारली. मी जेवले नाही. आईला वाटलं शाळेत काहीतरी झालं असेल. दोन दिवसांनी तिला कारण कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

मग नववीत अभ्यास वाढला, केबल काढली, आणि मी ते सगळं जिथे होतं तिथेच सोडून दिलं. पुढे कधी तिकडे वळूनच पाहिलं नाही. मी शरीरशास्त्र शिकले, मानेचे सातही मणके हातात घेऊन पाहिले, कुठल्या कोनात किती भार आला तर काय तुटतं हे लिहून पास झाले. ज्या पद्धतीने ते एकमेकांना डोक्यावर आपटायचे, तसं खरोखर आपटलं तर माणूस उठून दुसऱ्या दिवशी मुलाखत देणार नाही, हे मला विशीतच कळायला हवं होतं. पण ते ज्ञान एका खोलीत होतं आणि टीव्हीसमोरच्या त्या संध्याकाळी दुसऱ्या खोलीत होत्या. मधलं दार मी कधी उघडलंच नाही.

त्या दिवशी मी दादाला फोन केला. तो पुण्यात असतो.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

मी सांगितलं. मग तो म्हणाला, "अगं, तू हे आत्ता विचारतेयस? मला दहावीतच कळलं होतं. वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू जेवली नव्हतीस ना त्या दिवशी," तो म्हणाला. "मला वाटलं, कळेल आपोआप."

"त्यानंतर तू कितीतरी महिने माझ्याबरोबर बघत होतास. ओरडत होतास."

"हो, मग? मजा येत होती."

हेच मला समजेना. माहीत असताना मजा कसली? ज्याचा निकाल आधीच कुणीतरी कागदावर लिहून ठेवलाय, त्याच्यासाठी घसा कोरडा का करायचा? दादा म्हणाला, आपण नाटक बघतो तेव्हा काय करतो. मी म्हटलं, नाटकात कुणी मला सांगत नाही की हे खरं आहे. तो म्हणाला, सांगतात की, फक्त तुला वाईट वाटत नाही. मला ते पटलं नाही.

पुढचे तीन आठवडे तो मुलगा एक दिवसाआड येत होता. कामाची पाळी संपवून सहाच्या सुमाराला यायचा. मी त्याला रबरी पट्टा ओढायला लावायची, आणि तो ओढता ओढता मला कुस्ती समजावून सांगायचा. सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. मधलं बरंचसं तिथल्या तिथे, कानात बोलून. ज्याला उचलतात तो स्वतः उडी मारतो, नाहीतर ऐंशी किलोचा माणूस कोण उचलणार? पडताना हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, पाठ सपाट टाकायची आणि दोन्ही हात जमिनीवर मारायचे. मॅटखाली लाकडी फळ्या असतात, म्हणून आवाज मोठा येतो.

"म्हणजे लागत नाही," मी म्हटलं.

"लागतं ना, बेन. फळ्याच आहेत त्या."

"पण ठरलेलं असतं म्हणालास."

"पडायचं ठरलेलं असतं. लागायचं कोण ठरवणार?"

तो खलनायक होता. गटात चांगली पोरं भरपूर होती, वाईट व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून हा झाला. त्याचं सोंग होतं अमदावादी माणसाचं. काळा चष्मा लावून रिंगमध्ये यायचं, माइक घ्यायचा आणि बडोद्याला नावं ठेवायची. प्रत्यक्षात त्याचा जन्म, शाळा, आयटीआय सगळं इथलंच. अमदावादला तो दोन-तीनदा गेला असेल, तेही लग्नाला.

मॅचच्या आदल्या आठवड्यात मी त्याला बजावलं की दोरावर चढायचं नाही आणि उजव्या कुशीवर पडायचं नाही. त्याने जिमवाल्याला सांगून तसं बदलून घेतलं. मग मला म्हणाला, "बघायला या, बेन. पाच वाजता सुरू. सगळं घरगुती असतं, आज्या पण येतात."

मी बाबांना विचारलं. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असतात. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, रेल्वेत फिटर होते, आणि तरुणपणी शहरातल्या मांडवीजवळच्या एका तालमीत कुस्ती खेळायचे. टीव्हीवरच्या कुस्तीबद्दल आमच्या लहानपणी ते एकच वाक्य बोलायचे, "बंद करा ते." त्यामुळे ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती. मी त्यांना अकराव्या मिनिटाचं सांगितलं. त्यांनी ताटातली भाजी संपवली आणि विचारलं, "कोणत्या डावावर हरणार आहे?"

"ते नाही विचारलं."

"विचारायचं होतंस," ते म्हणाले. आणि रविवारी चार वाजताच काठी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होऊन बसले.

पार्टी प्लॉटच्या दारावर कुठल्याशा लग्नाची फुलांची कमान तशीच होती, फुलं सुकलेली. आत लॉनच्या मधोमध रिंग आणि चारी बाजूंनी खुर्च्या. अडीच-तीनशे माणसं असतील. मुलांनी पुठ्ठ्याचे मुखवटे लावले होते. आमच्या पुढच्या रांगेत एक आजी मांडीवर पापडीची पिशवी घेऊन बसल्या होत्या, सत्तरीच्या तरी असतील.

पहिल्या दोन कुस्त्यांत मी फक्त पाय आणि पाठी बघत होते. खरंच, उचलला जाणारा आधी गुडघ्यात वाकायचा. हनुवटी आत जायची. हात जमिनीवर आपटायचे. एकदा दिसायला लागल्यावर मला ते सोडून दुसरं काही दिसेना. बाबाही पुढे वाकून बघत होते. मग एकदम म्हणाले, "पडणारा जास्त राबतोय बघ. पाडणारा नुसता हात लावतोय."

"म्हणजे खोटंच ना?"

बाबांनी काठीवर हनुवटी टेकवली आणि पुढे बघत राहिले.

मग माझ्याकडे येणारा तो मुलगा आला. मी त्याला ओळखलं नाही म्हटलं तरी चालेल. क्लिनिकमध्ये खाली मान घालून बसणारा तो, इथे छाती काढून, चष्मा नाकावर, संथ चालत आला. माइक हातात घेतला आणि म्हणाला की मी आज तुमच्या बडोद्याची सेव उसळ खाल्ली. लोक थांबले. तो म्हणाला, आमच्या अमदावादला हात धुतलेल्या पाण्यात शेव टाकून कुणी विकत नाही.

जो काही गलका झाला. पुढच्या आजी उभ्या राहिल्या आणि हातातली पापडी त्याच्या दिशेने हलवत त्याला काय काय बोलल्या. मला माहीत होतं की हा मुलगा कारखान्यातून येताना रोज सेव उसळ खाऊन माझ्याकडे येतो, त्याच्या शर्टावर डाग असतात. तरी मला राग आला. सांगते ते खरं आहे, मला त्याचा खरोखर राग आला आणि मी ओरडले, "बस कर रे." मराठीत ओरडले. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

समोर बडोद्याचा पोरगा होता, भगव्या चड्डीतला, सगळ्यांचा लाडका. कुस्ती सुरू झाली. मी घड्याळ लावून बसले होते. आठव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक चाललं. नवव्या मिनिटाला भगव्याने त्याला फेकलं आणि तो पडला तो उजव्या कुशीवर. खांदा धरून लोळायला लागला आणि किंचाळला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले. चौदा वर्षं मी लोकांच्या वेदना बघते आहे. कोण वाढवून सांगतं, कोण लपवतं, मला चेहऱ्यावरून कळतं. आणि मला कळेना. हात त्याने बरोबर तसा धरला होता, जसा पहिल्या दिवशी माझ्या दारात धरला होता. दुखतंय म्हणून तसा धरलाय, की पहिल्या दिवशी कसा धरला होता ते आठवून धरलाय? कपाळावर घाम होता, पण घाम तर सगळ्यांनाच होता. मी रांगेतून बाहेर पडून रिंगभोवतीच्या कठड्यापर्यंत गेले. त्याने मला पाहिलं. किंचाळणं थांबवून माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ए बडोदावाळा बेन, बेसी जाओ."

सगळे हसले. मी परत येऊन बसले. माझ्या घड्याळात दहा मिनिटं होत होती तेव्हा तो चीत झाला. अकरा नाही. घड्याळ चुकलं, की ठरलेलं बदललं, की दुसरंच काही, मला समजलं नाही. भगव्याला खांद्यावर घेऊन पोरं नाचत होती आणि मीही टाळ्या वाजवत होते. हात थांबवता येत नव्हते. तीस वर्षांत मला एवढी मजा आली नव्हती आणि आपण कशाची मजा घेतोय ते मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो तेव्हा बाबा भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे बघत म्हणाले, "ती नुरा होती."

तो फोटो आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. नदीपलीकडच्या एका जत्रेत बाबांनी उत्तरेकडच्या एका मोठ्या पैलवानाशी कुस्ती धरली होती. पाऊण तास चालली, कुणीच पडलं नाही, पंचांनी बरोबरीत सोडवली. बाबांना फेटा बांधला, तो फोटो काढला. मी आणि दादा या गोष्टीवर वाढलो. शाळेत सांगायचो, माझ्या वडिलांना तो पाडू शकला नाही. आणि नुरा म्हणजे आधी संगनमत करून केलेली कुस्ती, लुटुपुटूची.

"कोण म्हणालं?" मी विचारलं. जसं काही कुणीतरी त्यांच्यावर आळ घेतला होता.

"मी म्हणतोय. त्याचा गुडघा दुखावला होता. आदल्या दिवशी आमचे वस्ताद मला म्हणाले, लोक लांबून येतात, कुस्ती मोडायची नाही. पाऊण तास खेळवायची आणि बरोबरीत सोडायची. मी हो म्हटलं."

"मग ते सगळं खोटं?"

"ऐक तर. पहिली दहा-पंधरा मिनिटं ठरल्याप्रमाणे चाललं. मी पट काढला की तो सोडवून घ्यायचा, त्याने ढाक लावली की मी निसटायचो. मग एकदा त्याने मला असं उचललं की मला वाटलं, हा विसरला. आता हा मला खरंच टाकणार. मग मीही विसरलो. पुढचा अर्धा तास तो मला पाडायला बघतोय की सांभाळतोय, तेच मला कळत नव्हतं. त्यालाही माझं कळत नसेल."

"मग बरोबरी ठरलेली होती की खरी झाली?"

"पंचांनी सोडवली. ठरल्या वेळी."

"पण बाबा, त्या वेळी तुम्ही जोर लावत होतात की नाही?"

"लावत होतो. म्हणजे लावत असेन." ते फोटोकडेच बघत होते. "तुझ्या आईला हे माहीत नव्हतं. तुम्हाला सांगायचं म्हणून बऱ्याचदा ठरवलं. मग विचार केला, काय सांगू? मला तरी कुठे पक्कं माहीत आहे?"

त्यांनी कप पुढे केला. मी चहा ओतला. त्या दिवशी मी फोटोखालून जाताना प्रत्येक वेळी वर बघत होते. फोटोतला माणूस तसाच, तोच फेटा. मला वडिलांचा राग आलाय का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. राग नव्हता. फसवलं गेल्यासारखंही वाटत नव्हतं. त्या अर्ध्या तासाबद्दल मला उलट पूर्वीपेक्षा जास्त कुतूहल वाटायला लागलं, आणि ते बरं की वाईट, ते ठरवता येईना. दादाला फोन करावा असं वाटलं, मग नाही केला. त्याने मला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. आता माझी पाळी होती.

संध्याकाळी तो मुलगा क्लिनिकमध्ये आला. खांदा सुजला होता. हात लावल्याबरोबर त्याने दात आवळले.

"म्हणजे काल खरं होतं," मी म्हटलं.

"अर्धं अर्धं, बेन. खांदा धरून लोळायचं ठरलेलंच होतं. पण चुकीचा पडलो आणि खरंच लागलं. तोपर्यंत मी ओरडायला लागलो होतो. आता खरं ओरडायचं तर वेगळं कसं ओरडणार?"

आमच्यात खूण असते, त्याने सांगितलं. समोरचा मनगट दाबतो, आपण उलट दाबायचं, म्हणजे ठीक आहे. त्याने उलट दाबलं नाही. म्हणून भगव्याने एक मिनिट आधी संपवलं. कानात "सॉरी, यार" म्हणाला आणि मग छातीवर बसला.

या वेळी मी सहा आठवड्यांची सुट्टी सांगितली आणि हात गळ्यात अडकवायची झोळी दिली. दोन दिवसांनी मला जिमवाल्याचा फोन आला. अतिशय अदबीने बोलणारा माणूस. म्हणाला, बेन, पुढच्या शोमध्ये तो झोळी घालून येईल आणि म्हणेल की मी जखमी आहे, खेळणार नाही. लोक चिडतील. तुम्ही रिंगमध्ये येऊन डॉक्टर म्हणून तसं सांगाल का?

"मी काही खोटं सांगणार नाही," मी म्हटलं.

"खोटं नकोच आहे. जे आहे ते सांगा."

मी त्या मुलाला दोनदा विचारलं, तुझ्या दुखण्याबद्दल चारचौघांत बोललेलं तुला चालेल का. तो म्हणाला, बेन, मीच तुमचं नाव सुचवलं.

पुढच्या शोला मी पांढरा कोट इस्त्री करून नेला. बाबा पुन्हा दुसऱ्या रांगेत होते, पुढे पापडीवाल्या आजी. तो मुलगा झोळी घालून रिंगमध्ये उभा राहिला, लोक त्याला नाटकी, भित्रा, काय वाट्टेल ते म्हणत होते. मग मला बोलावलं. दोराखालून वाकून आत जाताना कोट अडकला. कुणीतरी माइक माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "मी फिजिओथेरपिस्ट आहे. यांच्या खांद्याचा सांधा दुखावला आहे. सहा आठवडे हे खेळू शकत नाहीत."

त्या संध्याकाळी त्या रिंगमध्ये बोललेलं ते एकमेव खरं वाक्य असेल. लोकांनी मला हूट केलं. खोटारडी डॉक्टर, असं कुणीतरी ओरडलं, आणि मग कुणीतरी म्हणालं, अमदावादची डॉक्टर, आणि ते सगळ्यांनी उचललं. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या. मी म्हटलं, "मी बडोद्याचीच आहे," तर हूट दुप्पट. मी तो मुलगा खुणावतोय का ते पाहिलं. तो चष्म्याआडून समोर बघत होता, ओठ घट्ट मिटलेले. पुढच्या आजी मला उद्देशून बोटं मोडत होत्या. आणि मी, आयुष्यात रुग्णाला कधी उलट न बोललेली, माइक तोंडाशी नेला आणि म्हटलं, "आजी, तुमचे गुडघे दुखतात, ते मला तुमच्या उठण्यावरून दिसतंय. माझ्याकडे येऊ नका."

तीनशे माणसं एकदम उसळली. मला घाबरायला हवं होतं, लाज वाटायला हवी होती, आणि मला तिथून खाली उतरावंसंच वाटेना. दुसऱ्या रांगेत बाबा काठी खुर्चीच्या पायावर आपटत मला हूट करत होते, इतर सगळ्यांसारखे, तोंडाशी हात धरून.

रिक्षात त्यांनी विचारलं, "ते गुडघ्याचं ठरलेलं होतं?"

"नाही."

"मला तसं वाटलं नाही," ते म्हणाले. कसं वाटलं, ते सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी त्या आजी क्लिनिकमध्ये आल्या. सुनेचा हात धरून, एकेक पायरी करत. मी उठून त्यांची माफी मागायला लागले, त्यांनी हातानेच थांबवलं. मी गुडघे तपासले, व्यायाम दाखवले. निघताना त्यांनी सुनेला बाहेर पाठवलं आणि माझ्या जवळ येऊन हळूच विचारलं, "त्या मुलाचं खरं सांगा. त्याला काही झालेलं नाही ना?"

"झालंय, आजी. खरंच झालंय. सहा आठवडे लागतील."

आजींनी माझा हात हातात घेऊन थोपटला. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला तर तसंच सांगावं लागणार." आणि समजुतीने मान हलवत बाहेर गेल्या.